तोंड मागं, नाव पुढं

रस्सीखेच आणि उताणं पोहणं सोडलं, तर पाठ करून पुढं जायचा खेळ एकच, आणि तो मी अकरा वर्षं खेळलो. नाव वल्हवण्याचा. शहरात त्याला रोइंग म्हणतात. आमच्या अंबड तालुक्यात त्याला काहीच म्हणत नाहीत, कारण माझ्या लहानपणी नाव तरंगेल एवढं पाणी बघायला गोदावरीवर जावं लागायचं, आणि चैत्र-वैशाखात तिथूनही आमची मेंढरं पायी पार व्हायची. अशा गावचा धनगराचा पोरगा फौजेत अधिकारी झाला हे लोक समजून घेतात. तो नाव वल्हवायचा, हे सांगितलं की अजूनही हसतात. हसू देत.

फौजेत इंजिनिअर्स नावाची एक शाखा असते. पूल बांधायचे, सुरुंग काढायचे आणि कुठं पूर आला की बोटी घेऊन धावायचं, हे तिचं काम. मी त्या शाखेत आधी जवान म्हणून भरती झालो. उंची सहा फूट दोन इंच आणि मेंढरांमागं फिरून कमावलेले पाय, एवढ्या भांडवलावर मला संघात घेतलं. पोहायला येतं का, असं विचारलं तेव्हा मी बिनदिक्कत हो म्हणालो होतो. आमचा उस्ताद केरळचा एक सुभेदार होता. पहिल्याच दिवशी नाकातोंडात पाणी गेल्यावर मला बाहेर काढताना त्यानं माझ्यासाठी जो शब्द वापरला, तो दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही.

मोठ्या नावेत आठ जण वल्हवतात आणि आठही जणांची पाठ पुढं असते. उलटं बसून ओढलं की पाय, कंबर, पाठ सगळं कामाला येतं, म्हणून तसं बसायचं. नववा माणूस आमच्याकडं तोंड करून बसतो. पुढचं फक्त त्याला दिसतं आणि नावेत फक्त तोच बोलतो. वल्हवणाऱ्यानं मान वळवायची नाही. वळवली की नाव डुलते आणि शर्यत जाते. सुभेदार म्हणायचा, "देखना तेरा काम नहीं. सुनना तेरा काम." मी मान वळवायला गेलो की त्याची शिट्टी खांद्यावर बसायची. नावेत एकच आवाज, ही शिस्त माझ्या हाडात गेली. पुढं मी अधिकारी झालो, चढत गेलो तसा तो आवाज माझाच आहे, असंही मला वाटायला लागलं. या लेखातली सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

घरी काचेच्या कपाटात पाच पदकं आहेत. सेनादलाच्या संघातून खेळताना मिळालेली. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी तासभर बोलू शकतो आणि बायको उठून आत जाते. पण पदकांच्या शेजारी एक प्रशस्तिपत्र आहे, पुरातल्या कामाचं, त्याबद्दल मी आजवर धड बोललेलो नाही. ते आज बोलतो.

नोकरीची तीन वर्षं उरली होती. त्या पावसाळ्याच्या अखेरीला मराठवाड्यात सलग पाणी पडलं. गोदावरी फुगली की तिला येऊन मिळणारे ओढे उलटे भरतात. पाणी नदीकडं जायचं सोडून शेतात मागं सरकतं. आमची तुकडी तीन बोटी घेऊन निघाली आणि कोणता तालुका वाट्याला आला हे वाटेतच कळलं. अंबड. मी लेफ्टनंट कर्नल होतो, तुकडीचा प्रमुख. प्रमुखानं तहसीलच्या आवारात वायरलेसजवळ बसायचं असतं, बोटीत नाही. पण वडीगोद्रीच्या पुढं गोदेच्या अंगाला एका टेकाडावर नऊ माणसं अडकलीत, असा निरोप आला आणि नकाशावर जवानानं ज्या जागी बोट ठेवलं ती आमची वस्ती होती.

तिथं माझे चुलते राहतात, नाना. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मेंढरं राखायला घरात मीच एक होतो, तरी नानांनी मला अंबडच्या वसतिगृहात नेऊन सोडलं आणि माझ्या वाटणीची मेंढरंही स्वतःच राखली. आता तुम्हीच सांगा, वायरलेसजवळ कसा बसणार होतो? आमच्या तरण्या कॅप्टनला तिथं बसवलं आणि मी बोटीत चढलो. कॅप्टनचं म्हणणं मला त्याच्या तोंडावर दिसलं.

बोटीवर हवालदार माने होता, साताऱ्याकडचा. इंजिन त्याच्या हातात. आमच्या बोटीत इंजिन बंद पडलं तर म्हणून दोन लांब वल्ही आणि ती अडकवायला काठावर लोखंडी कड्या मी हट्टानं ठेवून घेतल्या होत्या. मानेला ते साहेबाचं खूळ वाटायचं. सकाळचे दहा वाजले होते. महामार्गाकडून आत जाणाऱ्या डांबरी रस्त्याचा भराव तेवढा पाण्याबाहेर होता, तिथून आम्ही निघालो. मानेनं जुन्या गाडीवाटेवरून लांबचा वळसा घेतला, कारण दोन्ही बाजूंच्या बाभळी दिसत होत्या आणि त्यांच्या मधून जाता येत होतं. वीस-बावीस मिनिटांत टेकाडाला लागलो.

टेकाडावर दोन गुंठे जागा कोरडी उरली होती. तेवढ्यात नऊ माणसं, साठ-सत्तर मेंढरं, पत्र्याचं एक शेड आणि एक जुना निंब. निंबाला शिडी टेकलेली होती, पाला तोडायला लावतात ती. नाना काठी टेकून उभे होते. डोक्याला नेहमीचा तांबडा पटका.

"तू आला व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं सरकार यिल."

"मीच सरकार, नाना. चला, जल्दी बसा."

"किती मानसं घेतू?"

वाहत्या पाण्यात आमच्या बोटीत दहाच्या वर माणूस घ्यायचं नाही, असा नियम आहे. मी आणि माने धरून दहा. म्हणजे आठ. लेकरू असलं तरी डोकं ते डोकं. घाबरलेलं लेकरू बोटीत मोठ्या माणसापेक्षा जास्त हलतं. नानांनी मेंढरं मोजतात तशी काठीनं माणसं मोजली. काकी, दोन सुना, चार लेकरं, शेजारच्या वस्तीवरचा एक पाय मोडलेला गडी आणि ते स्वतः. नानांचे दोघंही मुलगे बाजाराला म्हणून जालन्याला गेले होते आणि तिकडंच अडकले होते.

"एक जादा हाय," नाना म्हणाले. "मी ऱ्हातो. मेंढरांपाशी कुनीतरी पायजेच की."

"नाना..."

"बिलकुल बोलू नगं. बायापोरं ने."

काकीनं आपली काठी उचलली आणि बोटीत येऊन बसली. ती नानांकडं बघत नव्हती. मी म्हणालो, "वीस मिनिटांत परत येतो, नाना."

"ये की सावकास," ते म्हणाले.

आता मी जे सांगतो ते प्रशस्तिपत्रात नाही. टेकाडावर मी उतरू शकत होतो. मानेला इंजिन चालवायला माझी गरज नव्हती. मी उतरलो असतो तर नानांसकट घरचे सगळे एका खेपेत गेले असते, आणि मागं राहायचं असेल तर अधिकाऱ्यानं राहायचं, हे मी स्वतः कित्येक पोरांना शिकवलेलं आहे. मला ते सुचलंही. सुचलं आणि मी स्वतःला म्हणालो, इंजिन बंद पडलं तर वल्हवणार कोण? माझ्याएवढं ओढणारा इथं दुसरा कोण आहे? पन्नाशीला टेकलेला माणूस मी, पण पदकांचा माज असा असतो. मी बसून राहिलो.

बोट निघाली. माने गाडीवाटेकडं वळवायला लागला तसं मी म्हणालो, "सरळ घाल. इथं मोकळा माळ आहे. निम्मं अंतर वाचतं." मला माझी वीस मिनिटं दिसत होती. त्या माळावर मी लहानपणी मेंढरं चारली होती, तिथला दगड न दगड मला पाठ होता. माने एकदा बाभळींकडं बघून म्हणाला, "साहेब, आलो तसं गेलेलं बरं." मी म्हणालो, "माझं गाव आहे माने."

काकी पुढं झुकली. "खंडू, तिकडून न्हाई. तिथं..."

"काकी, बोटीत बोलायचं नाही," मी म्हणालो. ज्या आवाजात मी जवानांना बोलतो त्या आवाजात. ती मागं सरकून बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला असं बोललो होतो.

निम्म्यावर इंजिनानं एक चमत्कारिक आवाज केला आणि ते बंद पडलं. मानेनं पंखा वर उचलला. त्याच्याभोवती काळ्या नळ्यांचा गुंडाळा बसला होता, हाताच्या मनगटाएवढा जाड. ठिबकच्या नळ्या. मी फौजेत जाऊन तेहतीस वर्षं झाली होती; आता तो माळ राहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिथं मोसंबी लावली होती. कलमं पाण्याखाली पूर्ण बुडाली होती आणि उपटलेल्या नळ्या गढूळ पाण्यात वीतभर खाली तरंगत होत्या. काकी मला तेच सांगायला निघाली होती.

"पंख्याची पिन तुटली साहेब," माने म्हणाला. "दुसरी आहे खिशात. पण आधी हे कापावं लागंल." तो चाकू घेऊन भिडला. बोट आडवी झाली आणि हळूहळू डावीकडं सरकायला लागली. डावीकडं ओढ्याची मूळ धार होती, आणि त्या धारेवर खाली सहा-सातशे मीटरवर बंधारा. त्याच्यावरून पाणी पडल्याचा आवाज इंजिन बंद पडल्यावर ऐकू आला. आधीपासून येतच असणार. त्या पडत्या पाण्यात कोणतीही बोट उलटी होते, आमचीही झाली असती.

लेकरं रडायला लागली. मी वल्ही कड्यांत घातली, सवयीनं पाठ पुढं करून बसलो आणि ओढलं. पहिल्या दोन-चार हातांतच कळलं की नाव माझं ऐकते आहे. आणि लगेच दुसरं कळलं. पुढं काय आहे ते मला दिसत नव्हतं. विजेचे खांब पडलेले, तारा पाण्याला टेकलेल्या, बाभळी वाहत येणाऱ्या. माने मागं पंख्यात अडकलेला, तोंड पाण्याकडं. मान वळवून बघायला गेलो तर बोट एवढी डुलली की धाकट्या सुनेनं माझा शर्ट धरला.

समोर, माझ्याकडं तोंड करून, काकी बसली होती. तिला माझ्या खांद्यावरून सगळं पुढचं दिसत होतं.

"काकी," मी म्हणालो, "आता तूच सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. मघाचं बोलणं तिच्या डोळ्यांत होतं. मग ती म्हणाली, "मला डावं-उजवं करता येत न्हाई. तुझं उजवं ते माझं डावं. घोळ व्हईल."

"मग काठीनं सांग."

असं आमचं ठरलं. माझ्या ज्या गुडघ्याला काठी लागेल त्या बाजूचं वल्हं जोरात ओढायचं. दोन्ही गुडघ्यांना लागली की थांबायचं. मेंढरं हाकताना ती काठीचं टोक असंच टेकवते, मारत नाही. पहिल्या हातालाच तिनं उजव्या गुडघ्याला टोचलं आणि माझ्या उजव्या कानाजवळून बाभळीचं एक अख्खं खोड गेलं.

त्यानंतरची चाळीस मिनिटं. मी शर्यती वल्हवल्या आहेत त्या सहा-सात मिनिटांच्या. चाळीस मिनिटं धारेवर तिरकं ओढत राहणं ही वेगळी गोष्ट आहे. दहा मिनिटांत हाताची कातडी गेली. मागं मानेच्या चाकूला पंख्यावरच्या नळ्या हटत नव्हत्या. पंधराव्या मिनिटाला एक नवं गणित सुरू झालं: बंधाऱ्याचा आवाज वाढतोय का कमी होतोय. कितीतरी वेळ तो तेवढाच होता. काकीची काठी चालत होती. डावा, डावा, उजवा. एकदा दोन्ही गुडघ्यांवर एकदम टेकली. मी थांबलो आणि पाठीमागून वरून एक तार सरकत गेली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग परत उजवा.

आणि या सगळ्या वेळात काकीच्या डोक्यावरून मला एकच दिसत होतं. टेकाड. वल्हवणाऱ्याला पुढचं दिसत नाही, मागं राहिलेलं दिसतं. नाना मोकळ्यावर उभे होते. मेंढरं त्यांच्याभोवती गोळा झालेली. वीस मिनिटं होऊन गेली तेव्हा टेकाडाची कड त्यांच्या पायाशी आली होती. मग मेंढरं पांगायला लागली. नाना वाकून वाकून काहीतरी उचलत होते आणि शेडच्या पत्र्यावर टाकत होते. ती कोकरं होती. मग ते परत मोकळ्यावर येऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या गुडघ्याला असावं. मी दात खाऊन म्हणत होतो, निंबावर चढा नाना, शिडी आहे, चढा. एकदा मोठ्यानं ओरडलोही. तेवढ्या लांब आवाज कसला जातोय. काकीनं मागं वळून बघितलं नाही. तिला वळता येत नव्हतं, ती वळली असती तर आम्ही खांबावर गेलो असतो. ती माझ्या तोंडाकडं बघून काय ते समजून घेत असावी.

नाना चढले नाहीत. त्यांनी पटका सोडून काठीला बांधला, काठी वर धरली आणि उभे राहिले. लहान होत होत शेवटी मला फक्त तांबडा ठिपका दिसत होता.

बोट भरावाला लागली तेव्हा माझी बोटं वल्ह्यावरून सुटेनात, मानेनं एकेक करून सोडवली. मानेनं बोटीतल्या वायरलेसवरून कळवलेलं ऐकून आमच्या कॅप्टननं दुसरी बोट आधीच आमच्याकडं वळवली होती. माझ्या खुर्चीत बसून त्या पोरानं माझं काम माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं. मी, माने आणि त्या बोटीवरचा जवान, असे तिघं तिच्यातून गाडीवाटेनं, बाभळींच्या मधून, परत गेलो. वाटेत मेंढरं वाहत जाताना दिसली. मी मोजली नाहीत.

नाना छातीभर पाण्यात होते. निंबापासून दहा पावलांवर, मोकळ्यात, काठी वर धरून. काठी धरलेला हात वरच्या वर आखडला होता, बोटीत घेतल्यावरही तो खाली येईना. ओठ काळेनिळे. पत्र्यावर सात कोकरं होती, ती पण घेतली. माने म्हणाला, "साहेब, नियम?" मी म्हणालो, "मोज की. माणसं चारच आहेत."

पुढं काय, प्रशस्तिपत्र आलं. 'इंजिन निकामी झाले असता स्वतः वल्हवून आठ नागरिकांचे प्राण वाचवले', असं त्यात आहे. इंजिन कुणामुळं निकामी झालं आणि नववा नागरिक कुठं होता, ते नाही. मी अहवालात रस्ता मीच बदलायला लावला असं लिहिलं होतं. कुणी त्याचं काही केलं नाही. गावात सत्कार झाला, नाना पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, तरी.

निवृत्त झाल्यावर मी अंबडला राहतो. आठवड्यातून दोनदा वस्तीवर जातो. त्या सात कोकरांची आता बरीच मेंढरं झालीत, नानांची मुलं ती राखतात. नाना निंबाखाली बाज टाकून बसतात. शिडी अजून तिथंच असते. ती दिसली की मी तिच्याकडं पाठ करून बसतो. चार वर्षं मला विचारायचं धाडस झालं नाही. मागच्या महिन्यात चहा घेता घेता विचारलंच.

"नाना, त्या दिवशी निंबावर का चढला न्हाई? शिडी तर होती."

"होती की," ते म्हणाले. "पायबी टाकला व्हता मी शिडीवर."

"मंग?"

"तू बघून राह्यल्ता ना. सगळे म्होरं बघत्यात, तू येकटा माझ्याकडं तोंड करून बसल्ता. म्हणलं, पोराचा जीव हिकडंच हाय. निंबात शिरलो आन पाल्याआड गेलो तर ह्याला वाटंल म्हातारा वाहून गेला. मंग तू नाव माघारी फिरवली असती, बायापोरांसकट. म्हणून मोकळ्यात हुबा ऱ्हायलो. पटका बांधला. दिसत व्हता ना बराबर?"

"दिसत होता," मी म्हणालो.

त्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं. की नाव वल्हवणारा तसाच बसतो, मी त्यांच्यासाठी तसा बसलो नव्हतो, अकरा वर्षांची सवय होती ती. की माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी तसाच बसला असता. माणूस चुकीच्या समजुतीवर छातीभर पाणी येईपर्यंत उभा राहिला होता. मी म्हणालो, "नाना, ते तोंड मागं करून बसायचं म्हंजे काय असतं..."

काकी शेजारी जमिनीवर बसली होती, शेंगा निवडत. तिनं मान वर केली नाही. बाजूला पडलेली काठी उचलली आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांवर टेकवली.

मी थांबलो.